मेंदू, भाग ४: वळ्या एकदाच्या बसल्या

मेंदूच्या मॉडेलवरच्या वळ्या (पृष्ठभागावरचे नागमोडी उंचवटे) चिकटल्या! आणि वाळल्यावरही जागच्या हललेल्या नाहीत. मागच्या भागातला उखडलेल्या वळ्यांचा फोटो ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातलं सुख कळेल.

साचा तोच, नववीच्या पोरांनी फुग्यावर रद्दीचे थर देऊन केलेला. खऱ्या मापाचा, पुढून मागे १५-१६ सेंमी. त्यावर लगद्याच्या वळकट्या संध्याकाळी झकास दिसायच्या आणि वाळताना कडेने उचलायच्या. नखाने टोकलं की अख्खी वळी हातात. फेविकॉल वाढवलं, खडूची पूड वाढवली, मेथीची पूड घातली, पकड तेवढीच. साचा आधीच आकसून बसलेला आणि वरच्या लगद्याचं आकसणं अजून बाकी, मग दुसरं काय होणार? त्यात पावसाळी हवा, म्हणजे बुरशी. मोरचूद घाला असं सुचवलं होतं, पण लगदा मुलं हातानेच मळतात, तेव्हा नकोच. एअर ड्राय क्ले मागवली तर पाकिटातच दगड होऊन आली. तो विषय बंद.

उपाय आठवडी बाजारात मिळाला: कासऱ्याची सुती दोरी, सेंटिमीटरभर जाडीची. खरी वळीही साधारण तेवढीच रुंद. सुती दोरी पहिल्या पाण्याला आखडते, म्हणून आधी भिजवून कडक वाळवली. मग पातळ फेविकॉलमध्ये बुडवून, निथळून लावली. वरून टिश्यूचे दोन थर, विणायच्या सुईच्या बोथट टोकाने खाचेत दाबत दाबत. पीळ दिसत होता तिथे पातळ लगदा बोटाने फिरवला. नायलॉनची दोरी घेऊ नका, फेविकॉल धरत नाही.

दोरी कुठूनही सुरू केली की शेवया पसरल्यासारखं दिसतं. प्रदर्शनातली निम्मी मॉडेलं तशीच असतात. आम्ही आधी मध्य खाच (वरून खाली उतरणारी) आणि पार्श्व खाच (बाजूने आडवी जाणारी) पेन्सिलने आखून घेतल्या. मध्य खाचेच्या पुढची वळी हालचालीची, मागची स्पर्शाची. या दोन्ही अखंड दोरीच्या. बाकीच्या बारीक वळ्या माणसागणिक थोड्याफार बदलतातच, तिथे पोरांना मोकळीक.

अनुमस्तिष्काने, म्हणजे मागच्या बाजूच्या लहान मेंदूने, मात्र अजिबात छळलं नाही. सुतळी शेजारी शेजारी चिकटवत गेलो, बस्स. त्याच्या बारीक समांतर घड्या इतक्या हुबेहूब आल्यात की रंग द्यायला जीव होत नाही.

बटण दाबलं की दिवा लागणारा बोर्ड करायचं ठरलं होतं. लिहिता लिहिता तो रद्द करतोय, प्रत्येक शाळेत तेच असतं. त्यापेक्षा मेंदूचं बाहेरचं आवरण उलगडलं तर २००० ते २५०० चौ. सेंमी भरतं, म्हणजे साडेतीन-चार ए-फोर कागद. ते जोडून ठेवायचे आणि बघायला येणाऱ्याला सांगायचं, बसवा या कवटीएवढ्या वाडग्यात. चुरगाळल्याशिवाय बसत नाहीत. वळ्या कशाला, हे वेगळं सांगायला नको.

आता दोन अर्ध चुंबकावर उघडे-बंद करायचेत, दोन्ही अर्ध जोडणारा मधला महासंयोजी पट्टा दिसावा म्हणून. पण लगद्यात बसवलेलं चुंबक जोडीदाराबरोबर उपसून येतंय. कोणी एम-सील वापरून पाहिलंय का?