दोन सुरांमधली किंचित तफावत

माझ्या एका मित्राच्या स्टुडिओत मिनिमूग मॉडेल डी हा जुना ॲनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून सूर घडवणारे वाद्य, आहे, आणि तो सुरू केल्यावर पहिला अर्धा तास त्याला कोणी हात लावायचा नाही असा मित्राचा दंडक आहे. सुरुवातीला मला हे यंत्राचे फाजील लाड वाटले होते. नंतर कारण कळले. या वाद्यात सूर विद्युतदाबावर ठरतो. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर चढतो, आणि हे गणित ज्या ट्रान्झिस्टरांच्या भरवशावर चालते ते तापमानाला फार हळवे असतात. यंत्र आतून तापून स्थिरावेपर्यंत सूर हळूहळू सरकत राहतो, आणि स्थिरावल्यावरही तो अगदी जागच्या जागी बसला आहे असे म्हणवत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात रॉबर्ट मूग यांच्या कंपनीने १९७० साली हे वाद्य बाजारात आणले. त्याआधीचे सिंथेसायझर कपाटाएवढे असत आणि त्यांचे भाग बाहेरून वायरींनी जोडावे लागत. इथे ती जोडणी आतच कायमची केलेली होती. ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारे भाग) आणि एका वेळी एकच स्वर, एवढाच याचा संसार. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर खालचीच वाजते, त्यामुळे पेटीवर हात बसलेल्या माणसाची पहिल्या दिवशी चिडचिड होते. माझीही झाली.

एका संध्याकाळी मी चाल वगैरे काहीच न वाजवता एकच पट्टी दाबून बसलो. एका ऑसिलेटरची करवती लहर, म्हणजे करवतीच्या दातांच्या आकाराची ध्वनिलहर, एकटी ऐकली तर ती कानाशी गुणगुणणाऱ्या डासासारखी असते. तिच्यात दम नसतो, नुसता हट्ट असतो. मग दुसरा ऑसिलेटर त्याच स्वरावर आणला, पण पुरता जुळवला नाही. एक २२० हर्ट्झवर आणि दुसरा २२०.५ वर असेल, तर त्यांच्या मिलाफात दर दोन सेकंदांनी एक झोका येतो. गंमत अशी की वरच्या प्रत्येक हार्मोनिकमध्ये, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या उपस्वरामध्ये, तो झोका वेगळ्या गतीचा असतो: दुसऱ्यात सेकंदाला एक, दहाव्यात सेकंदाला पाच. त्यामुळे नुसता आवाज लहानमोठा होत नाही, तर त्याचा रंगच आतल्या आत हलत राहतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवताना हे झोके आपण संथ करत करत जवळजवळ संपवतो. इथे मात्र ते किती उरू द्यायचे, हाच रियाज. तिसरा ऑसिलेटर एक सप्तक खाली ठेवला की त्या आवाजाला अंग येते.

मूग यांची खरी करामत मात्र फिल्टरमध्ये आहे. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा उंच कंपनांचा आवाज त्यांतून दर सप्तकाला २४ डेसिबलने उतरत जातो. शेजारी एम्फसिसचा नॉब असतो. तो वाढवला की मर्यादेजवळचा स्वर उठून दिसतो आणि खर्ज बारीक होतो. मी एकच ऑसिलेटर ठेवून, एम्फसिस बराच वाढवून फिल्टर अगदी सावकाश उघडत, म्हणजे ती मर्यादा वर नेत, गेलो. करवती लहरीत सगळेच हार्मोनिक असतात, त्यामुळे ते एकेक करून पुढे आले: वरचा षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज, आणि पाचव्या जागी स्वच्छ गंधार. तानपुऱ्यात ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तोच हा. त्यानंतरचा सातवा तर पेटीच्या कुठल्याच पट्टीत सापडत नाही. तो कोमल निषादापेक्षाही उतरलेला असतो. चौकोनी लहर घेऊन पुन्हा तसेच केले, तर मधले सम हार्मोनिक गैरहजर निघाले आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ झाला.

या वाद्याला ज्या जाडसर, किंचित भरडलेल्या आवाजाबद्दल नावाजतात, त्यात मिक्सरचाही, म्हणजे ऑसिलेटरांचे आवाज एकत्र करणाऱ्या भागाचाही, हात आहे. तिन्ही ऑसिलेटरांचे नॉब पुरते चढवले की फिल्टरला तो भार झेपत नाही आणि लहरींच्या कडा बोथट होतात. हेडफोनच्या छिद्रातून निघालेला आवाज वायरीने परत आत सोडायचा, हा वादकांचा जुना आगाऊपणा. मी तोही करून पाहिला. थोडा सोडला तर आवाज गुरगुरतो, जास्त सोडला तर मित्र दुसऱ्या खोलीतून धावत येतो.

वाद्याला स्मरणशक्ती नाही, म्हणून पसंत पडलेला आवाज कागदावर नॉबांची चित्रे काढून टिपून ठेवावा लागतो. मी तसे केले. दुसऱ्या दिवशी, यंत्राला नियमाप्रमाणे तापू देऊन, प्रत्येक नॉब काट्याला काटा लावून ठेवला, आणि आवाज ओळखीचा आला, पण झोका कालच्यापेक्षा जरा घाईचा होता. दुसऱ्या ऑसिलेटरचा नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे करून पाहिला, आणि शेवटी त्या नॉबाच्या चित्राखाली ‘साधारण’ एवढे लिहून कागद ठेवून दिला.