बोगद्यानंतरचा उतार आणि गिअरबॉक्सची निवड

हेवी ड्युटी डिझेल पिकअप घ्यायची म्हटली की सगळे इंजिनवर बोलतात, हॉर्सपॉवर किती, टॉर्क किती, टर्बो कसला, आणि गिअरबॉक्सचा विषय निघाला की "ऑटोमॅटिक आहे ना, मग झालं" म्हणून मोकळे होतात. मी डेन्व्हरला एका मशिनरी भाड्याने देणाऱ्या कंपनीत गाड्यांचा मेंटेनन्स बघतो, त्याआधी पुण्यात ट्रक-बसच्या गिअरबॉक्सवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हे "झालं" ऐकलं की मला राहवत नाही. 2022 मध्ये आमच्याकडे नवीन ट्रक घ्यायचे होते तेव्हाचा एक दिवस सांगतो.

आधी वजनाचा अंदाज देतो, कारण आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो पिकअप डोळ्यासमोर येते. इथली ही पिकअप म्हणजे 6.6 किंवा 6.7 लिटरचं डिझेल इंजिन, मागे चार चाकं, नुसती गाडीच 9 हजार पाउंडांच्या घरात. तिच्यामागे गूजनेक ट्रेलर (पुढची मान वाकवून पिकअपच्या मागच्या हौद्यातल्या बॉलवर टेकणारा) आणि त्यावर मिनी एक्स्कॅव्हेटर, ते मिळून 18 हजार पाउंड. म्हणजे सगळं मिळून 12 टनांच्या वर, आणि हे घेऊन आय-70 हायवेने रॉकी पर्वत ओलांडून सिल्व्हरथॉर्नच्या बाजूच्या साइट्सवर जायचं. वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो, 1973 साली सुरू झालेला, उंची 11 हजार फुटांच्या वर, आणि दोन्ही बाजूंना 7 टक्क्यांपर्यंतचा चढ-उतार. हा ट्रेलर ओढायला ड्रायव्हरकडे कमर्शियल लायसन्सच लागतं.

आमच्यासमोर पर्याय होते ते असे. राम 3500 मध्ये कमिन्सचं इंजिन, पण दोन वेगळ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत, स्टँडर्ड इंजिन घेतलं तर 68आरएफई आणि हाय आउटपुट म्हणजे जास्त ताकदीचं घेतलं तर जपानी आयसिनचा, दोन्ही 6 गिअरचे. फोर्डकडे 2020 पासून 10 गिअरचा टॉर्कशिफ्ट, 10आर140. आणि जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनला पण 2020 पासून 10 गिअरचाच, त्यावर नाव ॲलिसन या गिअरबॉक्स कंपनीचं, बनवते मात्र जीएम. त्याच्या आधी 2001 ते 2019 खरा ॲलिसन 1000 यायचा, आधी 5 गिअर मग 6, आमच्या यार्डात तसा एक जुना ट्रक अजून आहे आणि ड्रायव्हर लोक तो सोडायला तयार नसतात, मला स्वतःला त्याचा बाहेरून फिरवून काढता येणारा फिल्टर फार आवडतो, खाली झोपून पॅन उघडत बसावं लागत नाही.

हे सगळे टॉर्क कन्व्हर्टरवाले गिअरबॉक्स आहेत हं, आपल्याकडच्या ट्रकमध्ये आता एएमटी येतात तसे नाहीत. एएमटीत साधाच क्लच आणि साधेच गिअर असतात, फक्त ते दाबायचं बदलायचं काम मशीन करतं. कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल फिरतं, गाडी जागेवरून उठवताना ते टॉर्क वाढवून देतं, म्हणून एवढं वजन चढावर झटका न देता उचललं जातं. पण तेलातून ताकद जाते तोवर घसरण असते आणि घसरण म्हणजे उष्णता, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा जीव बहुतेक वेळा उष्णतेनेच जातो. म्हणून आत एक लॉकअप क्लच असतो, तो धरला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, घसरण शून्य. घाटात तो क्लच किती लवकर धरतो आणि किती टॉर्क झेलतो यावर सगळं अवलंबून आहे, गिअर 6 आहेत की 10 हे त्याच्या नंतर.

आमच्या मॅनेजरचं म्हणणं सरळ होतं. "सगळ्यांचं टो रेटिंग, म्हणजे ओढायची मर्यादा, 18 हजाराच्या वर आहे, मग स्वस्तातला घेऊ." स्वस्तातला म्हणजे स्टँडर्ड कमिन्स आणि 68आरएफई. मी त्याला ब्रोशरमधलेच आकडे दाखवले. इंजिन दोन्हीकडे 6.7 लिटरचंच, पण 68आरएफई असला की कंपनी 850 पाउंड-फूट टॉर्क देते आणि आयसिन असला की 1,075. म्हणजे 225 पाउंड-फूटचा फरक. कुठल्या गिअरबॉक्समधून किती टॉर्क न्यायचा हे बनवणाऱ्यानेच ठरवून दिलंय, मी वेगळं काय सांगणार. त्यात पहिल्या गिअरचा रेशो (आकडा मोठा तितकी ओढ जास्त, वेग कमी) 68आरएफईचा 3.23 आणि आयसिनचा 3.75, म्हणजे साइटवरच्या खडीच्या चढावर लोड उठवताना आयसिनला कन्व्हर्टर कमी घासावा लागतो. शिवाय आम्हाला हायड्रॉलिक पंपासाठी पीटीओ (गिअरबॉक्समधून पंप फिरवायला ताकद काढून घेणारा जोड) हवा होता, तो आयसिनवर बसतो, 68आरएफईवर बसत नाही. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि म्हणाला की मला रस्त्यावर दाखव.

मग डीलर लोकांकडून आयसिनवाली राम, फोर्ड आणि जीएम असे तीन ट्रक एका दिवसासाठी आणले, तिघांच्या बेडमध्ये गूजनेकचा बॉल, आणि एकच ट्रेलर आळीपाळीने तिन्हींना जोडायचा. सिल्व्हरथॉर्नहून बोगद्यापर्यंत चढायचं, बोगदा पार करून लवलँड स्की एरियाच्या एक्झिटला वळायचं आणि परत उतरायचं. चालवायला आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, साठी ओलांडलेले, मी मनात त्यांना काकाच म्हणतो. मी शेजारी स्कॅनर लावून, लॅपटॉपवर तेलाचं तापमान आणि कन्व्हर्टरची घसरण बघत, मॅनेजर मागच्या सीटवर.

दुपारपर्यंत फोर्ड आणि जीएम झाले. खरं सांगायचं तर चढावर 10 गिअरचं काम बघून मी खूश झालो. सातवा गिअर डायरेक्ट, म्हणजे रेशो 1, आणि त्याच्या खाली सहा गिअर, फोर्डमध्ये 1.28, 1.52, 1.77 असे जवळजवळचे, त्यामुळे चढ थोडा वाढला की गाडी एकच पायरी खाली येते, इंजिनचा आवाज जेमतेम बदलतो आणि वेग टिकून राहतो. उतरताना पण तसंच, हवी ती पायरी मिळते. काका कमी बोलतात पण फोर्डमधून उतरताना म्हणाले की ही गाडी माझ्याआधी विचार करते.

मग जेवण झाल्यावर राम जोडली. चढावर तिसऱ्या गिअरला, 2,800 आरपीएमच्या आसपास, ताशी 46-47 मैल, आणि तिथेच ती बसून राहिली. दुसरा गिअर 2.00 आणि तिसरा 1.34, मधे काहीच नाही, त्यामुळे तिसऱ्याला झेपलं नाही तर वेग एकदम तिशीत येणार हे दिसत होतं. तसं झालं नाही. तेल 200 फॅरनहाइटच्या खाली, लॉकअप धरलेला, स्कॅनरवर घसरण शून्य. वळलो, बोगद्यात शिरलो, पलीकडे बाहेर पडलो.

बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता लगेच खाली जायला लागतो. काकांनी एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून इंजिनलाच ब्रेक करणारा) लावलेला, टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढायची सेटिंग, चालू, तिसरा गिअर, 45 चा वेग. थोडं पुढे गेलो आणि डॅशबोर्डवर टुंग वाजलं, अक्षरं आली, ट्रेलर डिस्कनेक्टेड. ट्रेलर जागेवरच होता, आरशात दिसत होता, बॉलवर होता, साखळ्या होत्या. ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून जाणाऱ्या विजेवर चालतात, ती वीज गेली होती म्हणजे ट्रेलरचे सगळे ब्रेक गेले होते. काकांनी ट्रेलर ब्रेकच्या कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबून बघितला, काही नाही. आणि मग 18 हजार पाउंड मागून ढकलायला लागले की काय होतं ते सीटमधून कळलं, गाडी ओढल्यासारखी वाटायची ती लोटल्यासारखी वाटायला लागली.

इथे ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर ट्रकच्या एकट्याच्या ब्रेकवर 12 टन येतात आणि थोड्या वेळात ते तापून पकडायचे बंद होतात. काकांनी तसं केलं नाही. हॅझर्ड लावले, उजव्या लेनमध्ये आले, एकदाच घट्ट ब्रेक दाबून वेग 35 च्या खाली आणला आणि पाय काढला. तेवढ्यात गिअरबॉक्सने स्वतःहून दुसरा गिअर घेतला, आरपीएम 2,700 च्या जवळ गेले, एक्झॉस्ट ब्रेकचा तो भसाड्या आवाज केबिनभर झाला, आणि वेग 30 वर येऊन थांबला. वाढेना. मी स्क्रीनवरची नजर काढली नव्हती, घसरणीचा आकडा शून्यावर, तेलाचं तापमान जवळपास तिथेच. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो त्यामुळे नुसता पाय काढून ते फारसं रोखत नाही, टर्बोतली वाट अरुंद करून एक्झॉस्ट अडवावा लागतो, आणि ती सगळी रोख चाकांपर्यंत पोचते ती त्या एका लॉकअप क्लचमधून आणि दुसऱ्या गिअरमधून. तो क्लच घसरला असता तर मागे काहीच उरलं नसतं.

या उतारावर रनअवे ट्रकसाठी खडीचे रॅम्प आहेत, ब्रेक गेलेला ट्रक त्यात घालायचा. आम्ही पहिल्या रॅम्पजवळून जाताना मॅनेजर मागून म्हणाला, "जायचं का त्यात?" काका म्हणाले, "गरज नाही, ही धरतेय." मला तेव्हा खंबाटकीचे आपले जुने ड्रायव्हर आठवले, ज्या गिअरवर घाट चढलास त्याच्या वरच्या गिअरवर उतरू नकोस म्हणून नवीन पोराला दम देणारे, आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणाऱ्याला शिव्या घालणारे. तेच इथे काकांच्या अंगात होतं.

खाली सिल्व्हरथॉर्नला पार्किंगमध्ये लावली. मी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन आधी ट्रकचे पुढचे ब्रेक बघितले, गरम पण धोक्याच्या बरेच खाली. मग ट्रेलरच्या ड्रमला हात लावला, सरळ हाताने, गार. पूर्ण उतारभर त्यांनी काहीच केलं नव्हतं. प्लगपासून वायर बघत गेलो तर ट्रेलरच्या मानेजवळ सेफ्टी चेन हार्नेसवर, म्हणजे वायरच्या जुडग्यावर, घासत होती, वरचं आवरण गेलेलं आणि आतली निळी वायर, ब्रेकची, तुटून दोन टोकं चकाकत होती. हा ट्रेलर नुकताच बाहेरच्या एका गॅरेजमधून सर्व्हिस होऊन आला होता आणि हार्नेसची क्लिप त्यांनी परत बसवलीच नव्हती. जॉइंट मारला, हीट श्रिंक चढवली, क्लिप बसवली, ब्रेक तपासून घेतले.

मॅनेजरने तिथेच विचारलं, हे बाकीच्या गिअरबॉक्सनी केलं असतं का. मी म्हणालो, 10 गिअरवाल्या दोघांनी नक्की केलं असतं, त्यांना 30 आणि 45 च्या मधला वेग पण धरता आला असता, आयसिनला तो पर्याय नव्हता. 68आरएफई पण खालचा गिअर घेतो, त्यालाही एक्झॉस्ट ब्रेक असतो, हलक्या ट्रेलरला तो चालतो आणि मी तो नाकारणार नाही. पण रोज 18 हजार पाउंड घेऊन हाच उतार उतरायचा असेल तर मला क्लच असा हवा की ज्यातून कंपनीने स्वतः 1,075 न्यायला परवानगी दिलीय, 850 वर थांबवलेला नको. यावर त्याने वाद घातला नाही.

शेवटी डोंगरातल्या कामाला आयसिनवाले घेतले, पीटीओ हवाच होता आणि आमच्या पोरांचा हात कमिन्सवर बसलेला आहे हे पण त्यात आलं. डेन्व्हरच्या आसपास, जिथे सिग्नलवर थांबा-निघा चालू असतं तिथे फोर्ड, कारण 4.61 चा पहिला गिअर आणि जवळच्या पायऱ्या तिथे खऱ्या कामाला येतात. जुना ॲलिसन यार्डातच आहे. 2025 पासून राम पिकअपमध्ये आयसिन आणि 68आरएफई दोन्ही गेले, त्या जागी झेडएफचा 8 गिअरचा आला, टॉर्क तोच 1,075 आणि मधल्या पायऱ्या जास्त. पुढची खरेदी निघाली तेव्हा मॅनेजरने मला डीलरचा नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, आधी तोच ट्रेलर लावून बोगद्यापर्यंत नेऊन आण, मग किमतीचं बोलू.