गोंदणाचं प्रूफ

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. एक पोटरी आणि तिच्यावर जांभळ्या शाईत उमटवलेली दोन अक्षरं: गति. खाली भाचीचा मेसेज. "आत्या, शुद्धलेखन बरोबर आहे ना? लवकर सांग, तो मशीन घेऊन बसलाय."

तीस वर्षं मी प्रुफं तपासते. दिवाळी अंक तपासले, पाठ्यपुस्तकं तपासली, लग्नपत्रिका तर किती तपासल्या त्याला गणतीच नाही. चूक राहून गेली तर पोटात खड्डा पडतो, पण त्यावर इलाज असतो. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येतं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते. पत्रिकेतल्या चुकीवर आहेराचं पाकीट ठेवून निभावून नेता येतं. पोटरीला शुद्धिपत्र कुठे जोडणार?

"थांब!! दीर्घ. गती," मी कळवलं. मग फोनच केला. संस्कृतात आणि हिंदीत गति ऱ्हस्व, मराठीत शेवटची वेलांटी दुसरी. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीसुद्धा, "नक्की ना, आत्या? नंतर बदलता नाही येणार," असं ती म्हणाली तेव्हा मी कपाटातून नियमांची पुस्तिका काढली आणि चष्मा लावून पुन्हा वाचली. पलीकडे कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात मुलगा बहुधा स्पिरिटने ऱ्हस्व वेलांटी पुसत होता. "गतिमान लिहिलंस तर मात्र ऱ्हस्व," मी सवयीने पुढे म्हणाले. ती म्हणाली, "आत्या, प्लीज. एवढंच लिहायचंय."

अशा रीतीने मी गुन्ह्यात सामील झाले.

दादाचं घर पंचवटीत, रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर. संध्याकाळी मी गेले तेव्हा पोरगी सोफ्यावर पाय लांब करून बसलेली, पोटरीला भाजीवर लावतात तसलं पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलेलं. वहिनी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"हो. पण फक्त वेलांटीपुरतं."

दादा पेपरामागून म्हणाला, "लोक कुठून कुठून अस्थी घेऊन येतात आपल्या रामकुंडावर, माणसाला गती मिळावी म्हणून. आमच्या कन्येने जिवंतपणीच पोटरीवर काढून आणली."

विनोद चांगला होता, पण हसायची वेळ नव्हती. भाचीला अभिप्रेत असलेली गती सायकलची. ही पोरगी पहाटे पाचला उठून सायकलवर त्र्यंबकला जाऊन येते, जाऊन-येऊन पंचावन्न-साठ किलोमीटर, आणि नऊला ऑफिसात हजर असते. पायावर तो शब्द असावा, आणि पायडल मारताना तो हलावा, असं तिला वाटलं. मला तर कल्पना बरी वाटली. माझी तक्रार एकच होती. ती दर सहा महिन्यांनी न चुकता रक्तदान करते आणि टॅटू काढल्यावर आता वर्षभर रक्त घेत नाहीत. हे मी तिला बोलून दाखवलं. ती ओशाळली. बाकी कुणाच्या बोलण्याने ओशाळली नव्हती.

वहिनींचं म्हणणं लग्नाचं. पाहुणे येतील, विचारतील, काय सांगायचं? बोलता बोलता त्यांनी पदराने हात पुसला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला हिरवट पडलेला ॐ दिसला. लहानपणी नवरात्रात कालिकेच्या यात्रेत आईने काढून दिलेला. मुंबई नाक्याजवळच्या त्या यात्रेत पाळण्यांच्या आणि भेळेच्या गर्दीत एक गोंदणवाला बसायचा. पुढ्यात नक्ष्यांची पाटी: बदाम, नाग, त्रिशूळ, मोर. बॅटरीवर गुरगुरणारं मशीन, एक वाटी शाई, आणि सगळ्या गावाला एकच सुई. आज त्या सुईचा विचार केला तरी कावीळ आठवते. भाची गेली त्या दुकानात निदान सुई पाकिटातून नवी काढली होती.

"तुमच्या हातावर आहे की, वहिनी," मी म्हटलं.

"ते वेगळं."

या 'ते वेगळं'पाशी मी अडकले. दादाच्या धाकट्या मेहुण्याच्या दंडावर भवानी तलवार आहे. आमच्या चुलतभावाने मुलीच्या जन्मानंतर छातीवर तिच्या पावलाचा ठसा काढून घेतला, तेव्हा याच घरातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. श्रावणी सोमवारी त्र्यंबकच्या वाटेवर पोरांच्या हातांवर डमरू आणि महादेव रांगेने दिसतात. त्यांना कोणी 'थेरं' म्हणत नाही. शाई तीच, सुई तीच, दुखतंही तेवढंच. मग या दोन अक्षरांनीच काय घोडं मारलं?

मला वाटतं, त्या सगळ्या गोंदणांत माणूस कुणाचा तरी असतो. आईचा, महादेवाचा, महाराजांचा, लेकीचा. 'गती' कुणाचीच नाही. तिच्यातून फक्त ती पोरगी दिसते, आणि तेच नेमकं खटकतं.

आमच्या आजीच्या अंगावर मात्र सगळे होते. हनुवटीवर एक ठिपका, दोन भुवयांच्या मध्ये एक, उजव्या हातावर तुळशीवृंदावन, त्याच्या खाली विंचू आणि डाव्या हातावर आजोबांचं नाव. ठिपके माहेरी, सातव्या-आठव्या वर्षी. दारावर गोंदणारीण आली, काजळी पाल्याच्या रसात कालवली, आईने आणि काकूने पोरीला धरलं आणि सुया टोचल्या. वर हळद लावली. नाव सासरी आल्यावर, गोदाकाठच्या एका जत्रेत. कुणी विचारलं नव्हतं. "विचारायचं काय त्यात?" ती म्हणायची. "मेल्यावर सोनं-नाणं सगळं काढून घेतात. हे तेवढं संगं येतं."

म्हातारपणी तिच्या हाताची कातडी सैल पडली, आणि विंचू पसरून खेकडा झाला. दुपारी ती आडवी झाली की मी शेजारी बसून तिच्या हाताची कातडी दोन बोटांनी ताणून धरायचे. ताणली की नांगी वर, विंचू. सोडली की पुन्हा खेकडा. ती झोपेतच पुटपुटायची, "चावंल हां." त्या हाताला रॉकेलचा आणि तव्यावरच्या भाकरीचा एकत्र वास यायचा.

नावाची गोष्ट वेगळीच. आजोबांचं नाव विठ्ठल. गोंदणाऱ्याला जोडाक्षर झेपलं नसेल, किंवा अक्षरामागे पैसे ठरले असतील म्हणून पणजोबांनी काटकसर केली असेल, पण आजीच्या हातावर आलं 'विठल'. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला ते जन्मभर बरोबरच होतं. नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नसे. उखाण्यातसुद्धा 'पंढरीचा राणा' म्हणून वेळ मारून न्यायची. पुढे रेशनकार्डाचा फॉर्म भरताना कारकुनाने विचारलं, "बाई, मालकाचं नाव?" आजीने पदर सावरला, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

कारकुनाने वाचलं तसं उतरवलं. रेशनकार्डावर 'विठल'. सातबाऱ्यावर 'विठ्ठल'. आजोबा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी माझ्या वडिलांना स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की विठल आणि विठ्ठल ही एकच व्यक्ती होय. तो कागद अजून दादाच्या गोदरेजच्या कपाटात आहे. आमच्या घराण्यातली पहिली मुद्रणदोषाची नोंद. मी या धंद्यात आले त्यात त्या अर्ध्या ठचा हात असावा असं मला अधूनमधून वाटतं.

धंद्यावरून आठवलं. टॅटूचं मशीनसुद्धा मूळचं आमच्याच गल्लीतलं. एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. त्याची सुई कागदाला बारीक भोकं पाडत जायची आणि मग त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवून प्रती काढायच्या. छपाईचं यंत्र ते, सायक्लोस्टाइलचं चुलत भावंड. पुढे १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली नावाच्या टॅटूवाल्याने त्याच तत्त्वावर गोंदणाच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. म्हणजे कागद जाऊन कातडी आली, एवढाच फरक. मला हे कळलं तेव्हा दोन गोष्टी वाटल्या. एक, भाचीने मला प्रूफ पाठवलं ते अगदी रीतसर होतं. दुसरी, यंत्र आणलं तर प्रूफरीडर का नाही आणला?

कारण चुका फार आहेत हो. सिटीलिंकच्या बसमध्ये दांडीला धरलेले हात मी वाचते, सवयच आहे. परवा निमाणीहून येताना समोरच्या मुलाच्या हातावर सुंदर वळणदार अक्षरांत होतं, 'आई-बाबांचा आर्शिवाद'. वर छोटं कमळ. माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. रफार 'शि'वरून उचलून एक घर पुढे 'वा'वर न्यायचा, शि दीर्घ करायचा, समासात खूण करायची. त्याला सांगावं का? सांगून काय उपयोग? लेझरने काढतात म्हणे, पण महिने-महिने चालतं, आणि एक रफार सरकवून देणारं लेझर अजून निघालेलं नाही. शिवाय आशीर्वाद त्याला मिळालेला होताच, चुकीचा छापला म्हणून परत जात नाही. मी शालिमारला मुकाट्याने उतरले.

ती शाई निघत का नाही, याचं कारण वाचलं तेव्हा मला हसू आलं. सुई शाईला वरच्या पापुद्र्याखाली नेऊन सोडते. शरीराला वाटतं घुसखोर आला, म्हणून सफाई करणाऱ्या पेशी धावत येतात, शाईचे कण गिळतात आणि तिथेच बसून राहतात. पचवता येत नाहीत, टाकताही येत नाहीत. ती पेशी मेली की सांडलेली शाई दुसरी गिळते. आपल्याकडे बांधाची भांडणं अशीच चालतात, बाप गेला की मुलगा गिळून बसतो.

दादाचा शेवटचा मुद्दा नोकरीचा होता. आमच्या गल्लीतला एक मुलगा देवळालीच्या तोफखान्याकडे बघत लहानाचा मोठा झाला. त्याने भरतीच्या तयारीत पहाटे धावून धावून बूट झिजवले आणि मधेच हौसेने दंडावर मोठा वाघ काढला. सैन्यात कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या मागे. दंडावरचा वाघ चालत नाही. आदिवासी मुलांना त्यांच्या परंपरेचं गोंदण असेल तर सवलत आहे. ती असायलाच हवी. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत ठिपक्याशिवाय पोर मोठी झाली नाही, तिच्या भावाला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पण बघा, इथेही दादाच्या घरातलाच न्याय. आईबापांनी टोचलं तर रीत, आपण टोचून घेतलं तर बेशिस्त.

मी स्वतः काढीन का? नाही. दुखेल म्हणून नव्हे, म्हणजे तेही आहेच. पण मी लिहिणार काय? तीस वर्षांत एकही वाक्य मी दुसऱ्या वाचनात जसंच्या तसं ठेवलेलं नाही. सहा महिन्यांच्या ओळखीवर मनगटावर नाव कोरणाऱ्या पोरांची मला भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही. पाठभर परदेशी भाषेतला मजकूर काढून घेणाऱ्यांचा मात्र हेवा वाटत नाही. आपल्याला वाचता येत नाही ते प्रूफ आपण पास कसं करायचं?

भाचीच्या ऑफिसातल्या एका हिंदी भाषक मित्राने पोटरी बघून तिला सांगितलं, "अरे, स्पेलिंग ग़लत है." तिने त्याला १९६२ चे नियम ऐकवले. मला फार बरं वाटलं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. त्र्यंबकहून परत येताना अंजनेरीच्या फाट्यावर ती पेरू घ्यायला थांबली होती. पाटी घेऊन बसलेली म्हातारी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेली. हिने वाकून पेरू निवडले आणि वळली, तेवढ्यात म्हातारीने मागून पोटरीच धरली.

"कोनाचं नाव गं हे?"

"नाव नाही आजी. गती लिहिलंय."

"गती? कोनाची?"

"माझीच."

म्हातारीने अंगठ्याने अक्षरं चोळून पाहिली, निघतात का ते.

"दुखलं?"

भाची मला म्हणाली, "आत्या, इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं गं." मी गप्प. मीही विचारलं नव्हतं. मी वेलांटी विचारली होती.

"दुखलं थोडं," ती म्हातारीला म्हणाली. "तुम्हाला?"

"मला चौघींनी धरलं होतं. एकीला मी चावले. तुला कोनी धरलं?"

"कुणी नाही. मीच पाय पुढे केला. वर तीन हजार दिले."

म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. पेरूचे तीस रुपये झाले होते, ते तिने मोजून घेतले. मग पाटीतला एक पिकलेला पेरू उचलून, न विचारता, हिच्या सायकलच्या पिशवीत टाकला.