लुगड्याला कात्री लावताना

परवा एक ताई दुकानात आली, पिशवीतून आजीचं नऊवारी लुगडं काढलं आणि म्हणाली याचा गुडघ्यापर्यंतचा वनपीस शिवून दे. वेंगुर्ल्यात इतकी वर्षं शिवतेय मी, पण त्या दिवशी कात्री हातात घेऊन नुसती बसून राहिले. आई म्हणाली, "लुगडां कापूक हात कसो जाता गो तुझो?" आणि मला एकदम ख्रिस सेदू आठवला.

हा पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा फॅशन डिझायनर. 1949 साली राजधानी बामाकोजवळच्या काती गावात जन्म, खरं नाव सेदू नुरू दुम्बिया. आई भरतकाम करायची, हा पोरगा शाळा सोडून शिंप्याकडे राहिला, मग वागादुगु, आबिजान ही शेजारच्या देशांतली शहरं करत करत सत्तरच्या दशकात थेट पॅरिस! ख्रिस हे नाव फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन दिओरवरून घेतलेलं. पण त्याचं नाव झालं ते गावाकडच्या बोगोलान कापडामुळे. तिथल्या बांबारा भाषेत बोगो म्हणजे चिखल. हातमागावरच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेलं सुती कापड आधी झाडपाल्याच्या काढ्यात बुडवून पिवळं करायचं, वर आंबवलेल्या चिखलाने नक्षी काढायची, वाळवून धुतलं की चिखल निघून जातो आणि काळा रंग बसतो तो बसतोच. पाल्यातलं टॅनिन आणि चिखलातलं लोखंड, बाकी काही नाही. आपल्याकडे लोखंडी विळीवर केळफूल चिरलं की बोटं काळी पडतात ना, काहीसं तसंच. आणि तो पाला ज्या झाडाचा ते आपल्या धावड्याचं भाऊबंद आहे, हे कळलं तेव्हा मला काय आनंद झाला सांगू!

तर हे कापड शिकारी घालायचे, बाळंतपणासारख्या मोठ्या प्रसंगी बायका गुंडाळायच्या. म्हणून सेदूचाही हात सुरुवातीला धजावला नाही, त्याला ते कापायचंच नव्हतं. शिवाय ते जाड, आणि हाताने काढलेली नक्षी दर ठिकाणी वेगळी, शिवणीवर जुळणार कशी? काठ जुळवताना माझा जीव जातो, इथे तर अख्खं कापडच तसं. मग त्याने नक्ष्यांच्या गर्दीतली एकच नक्षी उचलून मोकळी मांडली, मिनीस्कर्ट केले, अंगाबरोबर बसणारी जॅकेटं केली, 1990 च्या सुमारास मायदेशी परतल्यावर तिथल्या गिरणीकडून तसं छापील कापडही काढून घेतलं. 1994 मध्ये गेला, जेमतेम चव्वेचाळीस वर्षांचा. फार लवकर गेला हो.

मी लुगडं पूर्ण उलगडून जमिनीवर पसरलं. बसायच्या जागी विरलेलं, एका ठिकाणी आजीने हाताने घातलेलं ठिगळ, टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हते. नऊ वार म्हणजे कापड भरपूर, मग पदर अख्खा वेगळा ठेवला, ओढणीसारखा घेता येईल असा, वनपीस दुसऱ्या टोकाच्या धड कापडातून बेतला आणि ठिगळाचा तुकडा खिशाला आतून लावला. ताईला फोन करून विचारलं, चालेल ना? ती जरा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, खिसा उजवीकडेच कर, आजी कनवटीला पैसे उजवीकडे खोचायची.