आई रिक्षाने गेली

मंगळवार, रात्री साडेदहा

आज आई पंचवटीला मावशीकडे रिक्षाने गेली. एवढंच झालंय. गाडी खाली उभी, किल्ली खिळ्याला, मी घरात, आणि ती म्हणाली, "तू कशाला येतेस, तुझी मीटिंग आहे ना, मी जाते रिक्षाने." मीटिंग चारला होती आणि तेव्हा वाजले होते अकरा. मी काहीच बोलले नाही, गॅलरीतून बघत राहिले, ती कोपऱ्यावर हात दाखवून रिक्षा थांबवत होती. तेव्हापासून काही गिळतच नाहीये.

रविवारी सकाळचे अडीच तास मी त्या गाडीला दिले. महिनाभर तिचं हेच चाललं होतं, इंजिन तापलं की बंद, मग कितीही सेल मारा नुसती फिरते, पेटत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गार झाली की जसं काही झालंच नव्हतं अशी चालू. गॅरेजवाल्यांनी आधी प्लग बदलले, मग फ्युएल फिल्टर, मग म्हणाले पंपच गेलाय. मी पैसे देत गेले. शेवटी ब्लूटूथचा स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखाली लावला, कोड आला पी ०३३५. क्रँक सेन्सर.

मग वाचत बसले. क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, त्याच्याबरोबर एक दातांचं चाक फिरतं, बऱ्याच गाड्यांत ६० दातांचं, पण त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात, आणि ती रिकामी जागा समोरून गेली की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, कळतं इंजिन आत्ता नेमकं कुठे आहे. सेन्सरने ते सांगितलं नाही तर ठिणगी नाही, पेट्रोल नाही, सगळं बंद. रिकाम्या जागेवरून कळतं म्हणे. मी ते तीनदा वाचलं. घरातली ती खुर्ची... जाऊ दे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, दहाच्या पान्याने एकच बोल्ट, वाटलं झालं. पण सेन्सर निघेचना, रबराची रिंग इतक्या वर्षांत आत चिकटून बसलेली. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला असता तर टोक तुटून आतच राहिलं असतं, म्हणून हळूहळू डावीउजवीकडे फिरवत बसले, वॉचमन काका टॉर्च धरून उभे. नवीन सेन्सरच्या रिंगला बोटाने जरा इंजिन ऑइल लावलं, बसवला, कनेक्टरचा 'टक' आवाज ऐकला. मग जुना घरी आणून मीटर लावला तर गार असताना रीडिंग व्यवस्थित, आणि हेअर ड्रायरखाली धरला तर दोन मिनिटांत ओएल, म्हणजे आतलं सर्किट तुटलेलं. आतली बारीक तार तापली की तुटते आणि गार झाली की परत चिकटते. म्हणजे तोच होता. मला इतका आनंद झाला की मी पळत आईकडे गेले. ती मेथी निवडत होती. "बरं झालं," म्हणाली आणि पुढची काडी उचलली.

आणि आज रिक्षा.

दादाने बदलला असता तर ती बसली असती का गाडीत? हे मला लिहायचं नव्हतं. पण दिवसभर तेच डोक्यात फिरतंय, बाकी काही नाही. इतकं सगळं मी एकटीने करायचं आणि तरी... संध्याकाळी तर चक्क रडू आलं.

मग भांडी लावताना द्वारका चौकात गाडी बंद पडली तो दिवस आठवला. आपल्याला वाटतं आपल्याला सगळं आठवतंय, पण मला आठवत होती ती गाडी. डॅशबोर्डवरचे दिवे, काटा, मागच्या ट्रकचा हॉर्न. दुपारचे साडेबारा, मुंबई-आग्रा आणि पुणे रोड दोन्हीकडची गाड्यांची गर्दी अंगावर येतेय, आणि मी बॉनेट उघडून उभी. आई आत बसलेली, काचा खाली, एसी बंद, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. कुणीतरी ओरडून काहीतरी घाणेरडं बोललं, तेही तिने ऐकलं असणार. पंचवीस मिनिटं. मी एकदाही वाकून विचारलं नाही, आई पाणी हवंय का. नंतरही नाही. घरी आल्याबरोबर मी फोनवर व्हिडिओ शोधायला लागले.

आणि पंचवटीला जायचं म्हणजे परत द्वारकेवरूनच.

मला मीटरने दाखवलं, स्कॅनरने दाखवलं. तिला कुणी काय दाखवलं? "बदललाय गं आई" एवढंच मी सांगितलं, आणि त्याआधी प्लग आणि फिल्टरच्या वेळीही हेच सांगितलं होतं. माझंच बघायचं तर काल मुंबई नाक्याच्या सिग्नलला मी रेडिओ बंद करून इंजिनचा आवाज ऐकत बसले होते. हिरवा लागेपर्यंत.

सहाला आली, रिक्षानेच. मावशीने कोथिंबीर वड्या दिल्यात. जेवताना म्हणाली, "आता कशी चालतेय?" म्हटलं चांगली चालतेय. "हं." बस. दादाचा विषय मीही काढला नाही, आता काढणारही नाही.

उद्या ऑफिस सुटल्यावर गंगापूर धरणापर्यंत एकटीच जाऊन येणार, चांगली तापवायची, तिथे बंद करायची आणि लगेच परत चालू करायची, चार-पाच वेळा. शनिवारीही तेच.

द्वारकेच्या दिवशी आईने पाठीमागे घ्यायची तिची उशी गाडीतून वर आणली होती. ती अजून हॉलमध्ये सोफ्यावर आहे. मघाशी दिवा घालवताना उचलली, गाडीत ठेवून यावी म्हणून. मग परत होती तिथेच ठेवली. ती नेईल तेव्हा नेईल.