तीन नंबरच्या जर्सीची कारकीर्द

रग्बी युनियनमध्ये, म्हणजे १५ जणांच्या रग्बीत, पैसे घेऊन खेळायला अधिकृत मुभा मिळाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये. पण व्यावसायिक कारकिर्दीचं गणित प्रत्येक जागेला वेगळं. मैदानाच्या कडेने धावणारा, वेगावर जगणारा विंगर तिशीनंतर उतरणीला लागतो. टाइटहेड प्रॉप, म्हणजे पहिल्या ओळीत उजवीकडे खेळणारा ३ नंबर, त्याच वयात कुठे मुरायला लागतो.

कारण स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू वाकून, एकमेकांत गुंतून रेटारेटी करतात तो डाव. रेफरी ‘क्राउच, बाइंड, सेट’ म्हणतो. ‘बाइंड’ला टाइटहेडनं उजव्या हातानं समोरच्या लूजहेडची (डावीकडच्या प्रॉपची) जर्सी पाठीवर किंवा कुशीवर धरायची आणि कोपर वर ठेवायचं. कोपर खाली आलं की खांदा पडतो, खांदा कमरेखाली गेला की स्क्रम कोसळतो आणि बहुधा पेनल्टी. त्यातून टाइटहेडचं डोकं समोरचा हूकर (पहिल्या ओळीतला मधला) आणि लूजहेड यांच्या मध्ये, त्यामुळे दोन्हीकडचा भार अंगावर. पोरं मात्र बेंचप्रेसचे आकडे वाढवत बसतात आणि मान, पाठ कच्ची राहते. हे दुखणं पुढे हमखास वर येतं.

डोक्याला मार बसल्याची शंका आली तर मोठ्या सामन्यांत १२ मिनिटं बाहेर तपासणी होते. शुद्ध हरपल्याचं दिसलं, तर तपासणी वगैरे काही नाही, त्या दिवसाचा खेळ संपला. लक्षणं लपवणं हा शुद्ध वेडेपणा.

दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळायचा विचार असेल तर तिथल्या वास्तव्याची अट आता सलग ५ वर्षांची आहे, पूर्वी ३ होती. आणि करारावर सही करण्याआधी दुखापतीचं कलम वाचा: किती आठवडे पूर्ण पगार, आणि क्लब कधी करार मोडू शकतो.