जून झालेला दोडका

आमच्या सोसायटीच्या बागेतला पहिला दोडका मांडवावरून नेमका डोळ्यांच्या उंचीवर लोंबत होता, आणि त्यातच त्याचे वाटोळे झाले. तो पानाआड दडला असता तर एखाद्या सकाळी कोणाच्या तरी हाती अवचित लागला असता, संध्याकाळी त्याची मुगाची डाळ घालून भाजी झाली असती आणि शिरांची चटणीही. पण बेचाळीस घरांची येता-जाता त्याच्यावर नजर असल्यामुळे तो कोणीच तोडला नाही. आज वीतभर झाला, उद्या हातभर होईल, असे जिन्यात एकमेकांना सांगत आम्ही सगळे त्याला वाढू देत राहिलो.

बाग म्हणजे फार मोठे प्रकरण नाही. कोथरूडच्या आमच्या इमारतीमागे, पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, साधारण दोन खोल्यांएवढी जागा वर्षानुवर्षे पडून होती. गेल्या उन्हाळ्यात तिथे भाजी लावण्याची टूम निघाली आणि पहिल्या रविवारी एकोणीस माणसे टिकाव, घमेली आणि उत्साह घेऊन हजर झाली. टिकाव पहिल्याच घावाला खणकन वाजला, कारण वरच्या चार बोटे मातीखाली बांधकामाच्या वेळचा राडारोडा होता: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे, फरशांचे कपचे आणि एक अख्खी थापी. तीन रविवार आम्ही केवळ तो उपसत होतो. मग मोकळ्या केलेल्या जागेत विटांचे वाफे रचले आणि आवारातल्या आंब्याचा, बदामाचा जो पालापाचोळा पूर्वी कोपऱ्यात जाळला जाई तो शेण आणि गूळपाणी शिंपडून जाळीच्या पिंजऱ्यात कुजत घातला. शहरात मातीचीच वानवा असते. ती विकत आणण्यापेक्षा पाल्यापासून आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून घडवता येते, हे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्राला पूर्वीच दाखवून दिले आहे. आम्ही मात्र ते स्वतःच्या नाकाने पडताळून पाहिले. पहिल्या महिन्यात पिंजऱ्याला आंबूस दर्प होता; कोरडा पाला आणखी घातला तेव्हा तो गेला.

पेरणी मृगावर करायची, हा आग्रह तळमजल्यावरच्या आजोबांचा. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि २१-२२ जूनला आर्द्रात, हे कोष्टक आमच्यातल्या बहुतेकांनी कालनिर्णयाच्या चौकटीत वाचलेले, पण त्याप्रमाणे हात हलवण्याची वेळ कधी आलेली नव्हती. दोडका, कारले आणि काकडीचे बी रात्रभर भिजवून, आळ्यात बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर टोकले. कडेच्या वाफ्यांत भेंडी, गवार आणि लाल माठ, तर नळाच्या ओलीला अळू. माठाचे बी मोहरीपेक्षाही बारीक. ते मातीत मिसळून फोकायचे असते हे ठाऊक नसल्यामुळे एका ठिकाणी मूठभर पडले आणि तिथे माठाची दाढी उगवली.

आर्द्राचा पाऊस लागला तसे एकोणीसाचे सहा झाले. त्यात नवल नाही. खरी कामे तेव्हाच सुरू होतात आणि ती दिसायला अगदीच किरकोळ असतात: खुरपणी, वेलाला सुतळीने मांडवावर चढवणे, आणि रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन गोगलगायी वेचणे. या गोगलगायी एका रात्रीत भेंडीची अर्धी ओळ फस्त करतात, आणि त्यांना मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकताना कोणाच्याच चेहऱ्यावर शौर्य दिसत नाही. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका प्रत्येक गोगलगायीला आधी 'क्षमस्व' म्हणत असत.

श्रावण लागण्याच्या आधी दोडक्याला फुले आली. घोसाळ्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे मात्र संध्याकाळी; एकाच कुळातल्या दोन वेलींनी दिवस असा वाटून घ्यावा, याची मला फार गंमत वाटते. साडेसहाच्या सुमारास, उजेड मावळू लागला की मांडवावर फिकट पिवळ्या फुलांच्या पणत्या लागायच्या. नरफुले तुऱ्याने येतात आणि मादीफूल बहुधा एकटे असते. त्याच्या पाकळ्यांमागे करंगळीएवढा, धारा आखलेला दोडका आधीच तयार असतो. दुसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी रोज त्या वेळी खुर्चीवर चढून नरफुलाच्या पाकळ्या मागे दुमडायची आणि त्यातले परागकण मादीफुलावर हलकेच टेकवायची. तिने हात लावलेल्या फुलांना ती दोऱ्याची गाठ मारून ठेवी. फळमाशीने डंख मारला की दोडका वाकडा होऊन आतून सडतो, म्हणून कोवळ्या फळांवर वर्तमानपत्राच्या पिशव्याही तिनेच चढवल्या. डोळ्यांच्या उंचीवरचा तो पहिला दोडका तिच्याच गाठीचा होता.

फूल फळल्यापासून आठवड्याभरात दोडका तोडायला हवा. नखाने दाबला तर नख सहज रुतले पाहिजे. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, कारण मंडईत आम्ही हेच करतो आणि भाजीवाल्या मावशींची बोलणी खातो. तरी आपल्याच मांडवावरच्या दोडक्याला नख लावायला कोणी धजेना. मी तोडावा तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी जास्त घातले आहे. काकूंनी तोडावा तर परागीकरण त्या मुलीचे. तिच्या आईने तोडावा तर 'यांनी पहिला मान घेतला' असे कोणी म्हणेल. रखवालदार दादा रोज सांगत, "साहेब, जून होतोय हो तो, कुणी तोडत का नाही?" आणि आम्ही प्रत्येक जण "घ्या ना तुम्ही" असे दुसऱ्या कोणाला तरी सांगत पुढे जात होतो. पाहता पाहता दोडका हातभर झाला, त्याच्या धारा टणक झाल्या, आणि एके दिवशी नख रुतण्याऐवजी तुटले.

मला त्या वेळी सावडीची आठवण झाली. माझ्या आजोळी लावणी सावडीने होत असे: आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात उतरायचे, उद्या दुसऱ्याच्या. त्यात कोणाचे किती दिवस देणे आहेत, हे कोणी लिहून ठेवीत नसे आणि विसरतही नसे. शिवाय श्रम दहा जणांचे असले तरी खाचराला धनी असे, त्यामुळे भात कोणी कापून न्यायचे हा प्रश्नच उद्भवत नसे. आम्ही श्रम सावडीचे घेतले, पण खाचराचा धनी ठेवला नाही. भांडण झाले असते तर निदान दोडका वेळेवर तुटला असता. आमचा घात सभ्यपणाने केला.

जिन्याखाली बैठक भरली. समान वाटणीची सूचना चार दोडके आणि बेचाळीस घरे या हिशेबापुढे टिकली नाही, आणि लिलावाच्या सूचनेवर मुख्याध्यापिकाबाईंनी असा कटाक्ष टाकला की सुचवणारा पाणी प्यायला उठला. शेवटी, ज्याची पाण्याची पाळी त्या दिवशीची तोड त्याची, एवढा एकच नियम ठरला. त्यानंतर पाळी चुकवणाऱ्यांची संख्या एकाएकी घटली, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

ऋषिपंचमी मात्र या नियमाला अपवाद धरली. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नसते, म्हणून त्या दिवसांत मंडईत परसातल्या भाजीचा भाव चढतो. आमच्या वाफ्यांवर बैल सोडाच, टिकावही धड चालला नव्हता. इतकी निर्विवाद ऋषींची भाजी पुण्यात क्वचितच उगवली असेल. अळू, माठ, भेंडी, कोवळे दोडके एका पातेल्यात गेले. सुरण आणि मक्याची कणसे बाहेरून आणावी लागली, आणि ती कशाने नांगरलेल्या जमिनीतली होती याची चौकशी आजोबांनी कोणाला करू दिली नाही.

हस्ताचा पाऊस वेल झोडपून गेला. मग मेथी, मुळा, पावटा आणि वांगी लावली, आणि भोगीच्या भाजीपुरते सारे घरचे निघाले. मेथीबद्दल सांगण्यासारखे काही नाही. ती कोणीही लावली तरी येते.

तो जून दोडका आम्ही वेलावरच राहू दिला होता. मांडव उतरवताना तो करड्या रंगाचा, हलका, वाळून खडखडीत झालेला आढळला. टोकाचे झाकण बोटाने उडवताच आतल्या जाळीतून काळे, चपटे बी हातावर घरंगळले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जतन केल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आमचे जतन निव्वळ संकोचातून घडले होते. त्या मुलीने बी मोजले, ते एकशे सहा भरले. राख लावून ते बरणीत घातले आणि 'ज्यांना हवे त्यांनी न्यावे' अशी चिठ्ठी चिकटवून बरणी सूचनाफलकाखाली ठेवली.

आठवड्याने पाहिले तर ज्यांनी नेले त्यांनी दोन-दोनच उचलले होते आणि बरणी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. रखवालदार दादा सुट्टीवर गावी निघाले तेव्हा त्यांनी झाकण उघडले, सबंध मूठ भरली, खिशात टाकली आणि म्हणाले, "कुंपणाला लावतो, लई लागतात."